पाईप आधी उलटा धरा: डॅनिश फ्रीहँड जमवू पाहणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका तरुणाला थोरल्या काकांच्या ट्रंकेत एक तंबाखूचा पाईप सापडला. काका 1970 च्या दशकात न्यू जर्सीत नोकरीला होते. पाईपची वरची कड झाडाच्या सालीसारखी खडबडीत आहे, दांड्याचं टोकही तसंच. तोंडात धरायचं काळं स्टेम पलंगाच्या खुरासारखं वळणावळणाचं आहे आणि आता हिरवट-तपकिरी पडलं आहे. खाली ठसा आहे: ‘बेन वेड, हँड मेड इन डेन्मार्क’. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत. हा खरंच हाताने केलेला आहे का, याची किंमत काय, आणि असे डॅनिश पाईप जमवायचे तर थोड्या पैशांत सुरुवात कुठून करावी.

मी एकतीस वर्षं बोटीवर इंजिनिअर होतो आणि त्यातली पंचवीस तरी हे पाईप गोळा करतोय. आधीच सांगतो, 2009 पासून मी ओढत नाही. तोंडात एक पांढरा चट्टा दिसला, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, मी त्याच दिवशी बंद केलं. पाईपच्या धुरानेही तोंडाचा कॅन्सर होतो, त्यात सूट नाही. तेव्हा इथे जे लिहितोय ते एका लाकडी वस्तूबद्दल, तिच्या कारागिरीबद्दल. जमवायला ओढावं लागत नाही. न ओढलेल्या पाईपला बाजारात जास्तच मान असतो.

आता काकांचा पाईप. हो, तो डेन्मार्कचाच आहे, आणि बहुतेक प्रेबेन होल्मच्या कारखान्यातला. ठशावरचं नाव इंग्रजी कसं, हा प्रश्न पडला असेल. बेन वेड ही इंग्लंडमधल्या लीड्सची जुनी कंपनी, 1860 ची. 1962 मध्ये ती अमेरिकेतल्या हर्मन लेन यांच्या कंपनीकडे गेली आणि काही वर्षांत लीड्सचा कारखाना बंद झाला. नाव मात्र लेनकडे राहिलं. इकडे कोपनहेगनमध्ये प्रेबेन होल्म नावाचा पोरसवदा कारागीर (जन्म 1947) विशीतच डझनावारी माणसं हाताखाली घेऊन कोणी पाहिले नव्हते असले पाईप करत होता. 1971 च्या सुमारास तो पैशांच्या अडचणीत आला. लेनने त्याच्याशी करार केला: पाईप तू कर, अमेरिकेत मी विकतो, पण बेन वेड या नावाने. अमेरिकेत हे पाईप धडाक्याने खपले. म्हणून 70 च्या दशकात तिकडे नोकरी करून आलेल्या माणसाच्या ट्रंकेत असा पाईप निघणं अगदी जुळतं. प्रेबेन होल्म 1989 मध्ये वारला, चाळिशी नुकतीच ओलांडली होती, आणि डॅनिश बेन वेडही त्याच्याबरोबर संपला.

किंमत सांगतो, पण आशा वाढवू नका. हे पाईप त्या काळी हजारोंनी गेले, त्यामुळे दुर्मिळ नाहीत. जुन्या पाईपच्या बाजारात साधारण स्थितीतला बेन वेड शंभर डॉलरच्या आगेमागे मिळतो. लाकूड फार सुंदर असेल किंवा तो न ओढलेला असेल तर बरेच जास्त. पण काकांचा पाईप विकायचा नसतो. त्यावर शिकायचं असतं.

शिकायचं काय, ते मला पहिल्यांदा ज्याने दाखवलं त्याची आठवण सांगतो. 1983 मध्ये आमची बोट कोपनहेगनला दुरुस्तीसाठी लागली होती. स्ट्रॉगेट या पायी चालायच्या लांबलचक बाजाररस्त्यावर एका तंबाखूच्या दुकानात मी शिरलो. काचेच्या कपाटात एक पाईप होता, वरून ओबडधोबड, जणू नुकताच जंगलातून उचलून आणलाय. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने तो काढला, माझ्या हातात दिला नाही. उलटा केला आणि तळ माझ्यासमोर धरला. मग शेजारचा एक गुळगुळीत, दिसायला अगदी साधा पाईप काढला आणि त्याचाही तळ दाखवला. पहिल्याच्या तळाला रेषा कशाही धावत होत्या, मध्येच एक बारीक भरलेला खळगा होता. दुसऱ्याच्या तळाला तांदळाच्या कण्यांएवढी गोल ठिपक्यांची नक्षी होती, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी, आणि तिथूनच बाजूंवर सरळ रेषा उभ्या चढत गेल्या होत्या, ज्वाळेसारख्या. म्हातारा इंग्रजी मोडकं बोलत होता. तो एवढंच म्हणाला की वरची कड सगळे बघतात. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या सहापट होती. मी घेतला पहिलाच, कारण खिशात तेवढेच होते, पण बोटीवर परतताना मनात दुसराच होता.

ते ठिपके आणि त्या रेषा एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. पाईप ब्रायरचा होतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावर, कोर्सिका, इटलीतला कलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारं एक झुडूप. त्याच्या मुळाच्या वर, जमिनीलगत, एक गाठ धरते. ती कामाची व्हायला 30-40 वर्षं तरी लागतात. ती खणून काढल्यावर ओलीच ठेवावी लागते, वाळली की तडकते. मग करवतीवर तिचे ठोकळे पाडतात, ते तासन्‌तास पाण्यात उकळून आतला चीक काढतात आणि महिनोन्‌महिने, चांगले कारागीर तर वर्षानुवर्षं, सावलीत वाळवतात. इतकं करून मिळणारं लाकूड आगीला दाद देत नाही आणि ओल शोषून घेतं. चिलमीची माती आणि सागाचा टणकपणा एकत्र आल्यासारखं.

या गाठीत तंतू मध्यापासून सालीकडे जातात, सूर्याच्या किरणांसारखे. लांबीने कापलात तर सरळ रेषा दिसतात. आडवं कापलात तर प्रत्येक तंतूचं टोक दिसतं, तो ठिपका. आता ठोकळ्याची सालीकडची बाजू वर ठेवून पाईप केला, तर बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, भिंतींवर रेषा उभ्या चढतात आणि वर जिथे त्या संपतात तिथे झाडाची साल येते. ती खडबडीत कड घासून काढली नाही, की तुमच्या काकांच्या पाईपसारखी कड मिळते. सालीसकट घेतलेल्या या ठोकळ्याला ‘प्लेटो’ म्हणतात. म्हणजे ती कड शोभेची असली तरी नुसती शोभेची नाही, ती एक खूण आहे: इथे तंतू संपले. आणि खूण खरी आहे का ते बाजू आणि तळ बघून कळतं. कड झकास आणि बाजूवर रेषा आडव्या-तिडव्या असतील, तर कारागिराने ठोकळा नीट वाचला नाही किंवा त्याला वेळ नव्हता.

आता ‘फ्रीहँड’ या शब्दाचा घोळ निस्तरू, कारण यात नवे लोक हटकून फसतात. अमेरिकन बाजारात फ्रीहँड म्हटलं की असा खडबडीत, वेडावाकडा पाईप डोळ्यांसमोर येतो. डेन्मार्कमधले कारागीर मात्र या शब्दाने कामाची पद्धत सांगतात. कारखान्यात एक नमुना मशीनवर लावतात आणि त्याच्या नकला कापतात, ठोकळा कसाही असो, आकार ठरलेला. फ्रीहँड पद्धतीत ठोकळा हातात धरून फिरत्या सँडिंग डिस्कवर आकार काढतात. रेषा जशा जातात तसा आकार वळतो. अनेक डॅनिश कारागीर तर आधी बाहेरचा आकार काढतात आणि नंतर भोकं पाडतात, जे ऐकून मी इंजिनिअर म्हणून दचकलो होतो. आम्ही आधी भोक पाडतो, मग त्याला धरून बाहेरचं काम करतो. पण त्यांचा हिशोब वेगळा आहे. लाकडाची नक्षी कुठे सर्वात चांगली आहे ते कळल्यावरच मध्य ठरवायचा. चूक झाली तर सगळं काम वाया. म्हणूनच तो पाईप महाग.

या अर्थाने अगदी गुळगुळीत, सौम्य, ‘बिलियर्ड’ या जुन्या साध्या आकाराजवळचा पाईपही फ्रीहँड असतो, आणि जगातले सर्वात उत्तम फ्रीहँड बहुतेक तसेच आहेत.

ही पद्धत ज्याच्या हातून रुजली तो सिक्स्टेन इव्हार्सन. जन्म 1910, स्वीडनचा, पण आयुष्य कोपनहेगनमध्ये गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो थकबाकी वसूल करायची नोकरी करत होता. त्याचा पाईप मोडला, तो सूर यांच्या पाईपच्या दुकानात गेला, तिथे दुरुस्तीला माणूस नव्हता, तेव्हा त्याने स्वतःच अवजारं घेऊन दुरुस्त केला. मालकाने तिथल्या तिथे कामावर ठेवलं. दुरुस्ती करता करता त्याने शेकडो मोडलेले पाईप आतून पाहिले, आणि मला वाटतं त्याचं सगळं शिक्षण तेच. पाईप कुठे जळतो, कुठे ओल साठते, स्टेम कुठे सैल होतं, हे ज्याने दुरुस्तीत पाहिलं तो आकार काढताना या गोष्टी विसरत नाही. त्याच सुमाराला पोल नील्सन या उद्योजकाने युद्धात ब्रायर मिळेना म्हणून बीचच्या लाकडाचे पाईप सुरू केले होते. युद्धानंतर ब्रायर आल्यावर त्याने इंग्रजी वाटेल असं ‘स्टॅनवेल’ हे नाव घेतलं आणि सिक्स्टेनकडून आकार काढून घेतले. त्याआधी जग इंग्लंडच्या आकारांची नक्कल करत होतं. त्यानंतर इंग्लंडबाहेरचे कारखाने डेन्मार्ककडे बघायला लागले.

सिक्स्टेन 2001 मध्ये गेला. त्याचा मुलगा लार्स आणि नात नाना, दोघंही पहिल्या रांगेतले. लार्सचा ‘ब्लोफिश’ हा आकार बघायला मिळाला तर जरूर बघा: दोन्ही गालांवर ठिपके फुगवून आणलेले आणि मधून रेषांचा पट्टा कडेने वळत गेलेला. सममिती नाही, पण एक मिलिमीटर इकडचा तिकडे करता येत नाही. लार्स 2018 मध्ये गेला. सिक्स्टेनच्या हाताखाली आणि आसपास तयार झालेले येस चोनोविच, पलीकडे मालमोत व्हीलचेअरवर बसून बॅलेरिना आणि रॅमसेस हे आकार घडवणारा बो नोर्ड (तो स्वीडिश, पण घराणं हेच, गाण्यातल्या घराण्यासारखं), एस. बांग नावाने काम करणारे पेर हान्सेन आणि उल्फ नोल्टेन्समायर, डब्ल्यू. ओ. लार्सन या दुकानासाठी काम करून पुढे स्वतःचं नाव कमावलेले टेडी क्नुडसेन आणि ‘फॉर्मर’ हे टोपणनाव मिरवणारे हान्स नील्सन. पोल रासमुसेन हा कारागीर वारल्यावर त्याची कार्यशाळा चालवणारी त्याची पत्नी आन युली, आणि तिच्याकडे शिकलेला टॉम एल्टांग. हे लोक एकमेकांना शिकवत, एकमेकांकडे लाकूड मागत, म्हणून एका छोट्या शहरातून इतकं निघालं. टोकियोच्या त्सुगे कंपनीनेही आपला माणूस सिक्स्टेनकडे शिकायला धाडला होता, आज जपानी पाईपमध्ये जी डॅनिश लय दिसते ती तिथून.

या नावांचे पाईप बहुतेक हजार डॉलरच्या पुढेच जातात, बो नोर्डचे तर कितीतरी पुढे. तुमच्या बजेटमध्ये ते येणार नाहीत, माझ्याही आले नाहीत. माझ्याकडे एकच एस. बांग आहे, निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. पण ही नावं ठाऊक हवीत, कारण त्यांचे फोटो बघून डोळा तयार होतो. रोज रात्री पंधरा मिनिटं एकाच पाईपचे सगळ्या बाजूंचे फोटो बघा. दहा पाईप वरवर बघण्यापेक्षा एक पाईप दहा बाजूंनी.

खरेदीची वाट मी अशी सांगेन. पहिला पाईप जुना स्टॅनवेल घ्या. कारखान्याचा आहे, पण आकार सिक्स्टेन, येस चोनोविच, आन युली, टॉम एल्टांग अशांचे. कारखाना अनेक वर्षं बोरुप गावात होता, पुढे तो बंद होऊन उत्पादन इटलीत गेलं, म्हणून डेन्मार्कचा ठसा असलेला जुनाच बघा. दांड्यावर ‘रजिस्टर्ड नंबर 969-48’ असं दिसलं तर तो 1948 च्या नोंदणीनंतरचा आणि साधारण 1970 च्या आसपासपर्यंतचा समजा, पुढे तो नंबर मारणं बंद झालं. हा पाईप हातात घेऊन तुम्हाला डॅनिश रेषेची ओळख होईल: पोट जिथे फुगतं तिथून दांडा कसा निघतो, स्टेमची चपटी कड ओठांशी कशी बारीक होते.

दुसरा घ्या तो वाळूने फवारलेला, म्हणजे सँडब्लास्ट, एखाद्या स्वतंत्र कारागिराचा. चांगल्या ठोकळ्यात शेवटच्या क्षणी एखादा बारीक खळगा निघाला की प्रामाणिक कारागीर पुटी भरत नाही, वाळूचा झोत मारून मऊ तंतू झिजवतो आणि कठीण तंतू उभे ठेवतो. भोकं तीच, हात तोच, किंमत बरीच कमी. मी नेहमी म्हणतो की डॅनिश सँडब्लास्ट म्हणजे कमी खिशात मोठ्या कारागिराचा हात. एरिक नोर्डिंग किंवा कार्ल एरिक या डॅनिश कारागिरांचे खडबडीत कडेचे फ्रीहँडही परवडणारे आहेत. त्यात उतार-चढाव फार, म्हणून फोटो नीट मागवा.

आता तपासणी. या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच वाचतात.

पाईप उलटा धरा, हे झालं. मग तिरक्या उजेडात, खिडकीशी, दांडा हळूहळू फिरवा. दांडा आणि स्टेम जुळतात त्या जागी केसाएवढी रेघ दिसली तर तडा आहे. मी एकदा परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ‘उत्तम स्थिती, चांदीची कडी’ असं लिहिलेला पाईप घेतला. फोटोत कडी छान चमकत होती. घरी आल्यावर कडीखालून अर्ध्या इंचाची चीर बाहेर डोकावत होती, कडी चीर लपवायलाच बसवली होती. डॅनिश पाईपला कारखान्याने बसवलेल्या कड्या असतात, नाही असं नाही, पण कडी दिसली की तिच्याखाली काय आहे ते विचारा. लेखी विचारा.

मग स्टेम काढा. सुतारकामात ज्याला कुसू म्हणतो तो स्टेमचा भाग दांड्याच्या खाचेत बसतो. पाईप गार असतानाच, एकाच दिशेला पिळत, सावकाश. गरम पाईपचं स्टेम ओढलंत तर दांडा फाटतो, ही चूक माझ्या हातून बोटीवर झाली आहे, दुसऱ्याच आठवड्यात. कुसू खाचेच्या तळापर्यंत पोचतो का बघा. मध्ये पोकळी राहिली असेल तर तिथे ओल साठते आणि पाईप हुक्क्यासारखा गुरगुरतो. चांगला कारागीर ही पोकळी ठेवतच नाही.

स्टेम परत बसवा आणि साधा पाईप क्लीनर, तो केसाळ तार असलेला, ओठाकडून आत सारा. न अडखळता बाउलच्या तळात निघाला पाहिजे. अडकला तर भोकं एका रेषेत नाहीत. मग बाउलमध्ये उजेड पाडून बघा. धुराचं भोक बरोबर तळाशी आणि मध्यात उघडलं पाहिजे. ते साधारण 3.5 ते 4 मिलिमीटरचं असतं. भिंतीत वर उघडलं असेल तर खाली तंबाखू ओला राहतो. बाजूला सरकलं असेल तर एका बाजूची भिंत पातळ आहे आणि तिथे तो जळणार. रिकामा पाईप ओठांशी धरून हवा ओढा: आवाज येऊ नये. शिट्टी वाजली तर कुठेतरी वाट चिंबली आहे. मी यंत्रांत आयुष्य घालवलं, म्हणून मला या भागात नक्षीपेक्षाही जास्त आनंद वाटतो. एस. बांगच्या पाईपमधून हवा ओढली तर काही ओढतोय असंच वाटत नाही.

शेवटी पुटी. रंग गडद असेल तर पुटी लपते. बोटाने हलकं ओलं करून बघा, लाकडाचा रंग बदलतो, पुटीचा बदलत नाही. आणि ठसा. ठशाची अक्षरं पुसट झाली असतील तर कोणीतरी पॉलिशच्या चाकावर फार घासलाय, त्या पाईपच्या कडाही गोलावल्या असणार. मोठ्या नावांचे खोटे ठसेही असतात. सिक्स्टेनचा पाईप दोनशे डॉलरला मिळतोय असं कोणी म्हणालं तर हात मागे घ्या.

इथे महाराष्ट्रात शोधायचं तर फार मिळणार नाही, खरं सांगतो. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मी वर्षानुवर्षं फिरलो. इंग्रजी पाईप निघतात, पारशी घरांतले, जुन्या लष्करी अधिकाऱ्यांचे. डॅनिश मला एकदाच मिळाला, पुण्यात, एका पेटीत गंजलेल्या कुलपांखाली, स्टॅनवेल, स्टेम दातांनी चावलेलं. विकणाऱ्याने लाकूड चमकावं म्हणून खोबरेल तेल चोळलं होतं. असं कधी करू नका. तेल लाकडात मुरतं, खवट होतं आणि पहिल्या उन्हाळ्यातच वास मारायला लागतं. मला तो वास घालवायला चार महिने लागले. बाकी खरेदी परदेशातूनच, टपालाने. पाकिटावर ‘वापरलेला लाकडी पाईप’ आणि खरी किंमत लिहायला सांगा, कस्टम ड्युटी भरायची तयारी ठेवा आणि ती धरूनच बजेट करा.

घरात ठेवताना दोन शत्रू: पावसाळा आणि ऊन. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या पाईपला, विशेषतः आधी ओढलेल्याला, बाउलच्या आत पांढरी बुरशी धरते. कोकणात तर हमखास. मी स्टेम वेगळं करून, बाउल उघडा, कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवतो आणि पंधरा दिवसांनी पुड्या बदलतो. उन्हात मात्र वाळवायला ठेवू नका, ब्रायर एका बाजूने आकसतं आणि तडकतं. काळ्या स्टेमला तर साधा उजेडही सोसत नाही. ते व्हल्कनाइटचं असतं, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडाने आणि ओलीने गंधक वर येतं आणि स्टेम हिरवट पडतं. तुमच्या काकांच्या पाईपला तेच झालं आहे, बिघाड नाही.

तर आता त्याचं काय करायचं ते क्रमाने सांगतो. बाउलच्या आत काजळीचा जाड थर असेल तर चाकू लावू नका. गोल काडीला सँडपेपर गुंडाळून हलक्या हाताने फिरवा आणि एक मिलिमीटरभर थर राहू द्या, लाकडापर्यंत जाऊ नका. आतली वाट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या क्लीनरने पुसा, क्लीनर पांढरा निघेपर्यंत. पंधरा-वीस तरी लागतील. अल्कोहोल बाहेरच्या लाकडावर सांडू देऊ नका, रंग उतरतो. वरची खडबडीत कड जुन्या मऊ टूथब्रशने, अगदी किंचित ओलसर करून झटका. तिथे काळी राख बसलेली असते, ती गेली की खाली तांबूस सालीचा रंग दिसेल. स्टेम 600 नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने सुरू करून 2000 पर्यंत घासा. होल्मच्या या पाईपांत स्टेम दांड्याला सपाट जुळत नाही, नुसतं खाचेत खोचलेलं असतं, त्यामुळे कडा गोलावण्याची भीती नाही आणि नवशिक्याला सरावाला हे बरं. ठशाला हात लावू नका. बाहेरून सुती फडकं, थोडं कार्नोबा मेण, संपलं.

मग तो खिडकीशी न्या, उलटा धरा, आणि तळाचा, दोन्ही बाजूंचा, दांड्याच्या टोकाचा असे चार फोटो काढून मला पाठवा. रेषा कुठून निघून कुठे जातात ते आधी तुम्ही लिहा. मी माझं नंतर लिहितो.